आमचं ध्यान आणि तोक्योचा मोकिची

पत्र: लग्नाला नऊ वर्षं झाली. पत्रिका, कांदेपोहे, साखरपुडा, सगळं रीतसर. मी दादरची, नवरा माण तालुक्यातला. माणूस वाईट नाही. पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरात देतो. पण ताटात आमटी ओतून भात कालवतो आणि भुरके मारत जेवतो, पाहुण्यांसमोरही. परवडत असूनही लोकलचा पास सेकंड क्लासचाच. काही विचारलं की ‘हं’, ‘बघू’. मैत्रिणींच्या ग्रुपवर मी त्याला ‘आमचं ध्यान’ म्हणते, आता सगळ्याच म्हणतात. फेब्रुवारीत त्यांच्याबरोबर दोन दिवस दिवेआगरला गेले आणि घरी सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. त्यातलीच एक म्हणाली, ओझूचा तो ग्रीन टी आणि भाताचा सिनेमा बघ, तुझीच गोष्ट आहे. पाहिला, रडले, आणि दुसऱ्या दिवशी भयंकर राग आला. शेवटी पडतं बाईनंच घ्यायचं, हेच ना? या सिनेमातून मी नेमकं काय घ्यायचं? घरी सासूबाई आहेत, सहा वर्षांची मुलगी आहे, स्वयंपाकाला मावशी येतात. — अ. क., ठाणे

उत्तर:

नमस्कार अ. क.,

तुमचा राग निम्मा बरोबर आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल बोलण्याआधी इतर वाचकांना गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं त्यांना कळणार नाही.

यासुजिरो ओझू यांचा ‘द फ्लेवर ऑफ ग्रीन टी ओव्हर राइस’ हा १९५२ सालचा जपानी सिनेमा. कृष्णधवल, दोन तासांना जरा कमी. तोक्योतलं मध्यमवयीन, मूलबाळ नसलेलं जोडपं, लग्न ठरवून झालेलं. तायेको श्रीमंत घरातली. मोकिची नागानोकडच्या खेड्यातून आलेला आणि आता कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. तिची खोली पाश्चात्त्य थाटाची, त्याची साधी, चटया अंथरलेली. मैत्रिणींबरोबर शुझेन्जीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचं म्हणून ती त्याला थाप मारते की भाची आजारी आहे. नेमकी तीच भाची, सेत्सुको, धडधाकट घरी येऊन उभी राहते. मग दुसरी थाप. झऱ्याकाठच्या तळ्यात एक सुस्त काळा मासा दिसतो, तर सगळ्याजणी त्याला मोकिचीचं ठेवणीतलं नाव देऊन हसतात. ‘मंद बुवा’ अशा अर्थाचं ते नाव आहे. तुमच्या ग्रुपवरचं ‘ध्यान’ त्याच जातीचं.

सेत्सुकोला पाहण्याचा कार्यक्रम काबुकी नाट्यगृहात ठरतो आणि ती तिथून पळून काकांकडे, सायकलच्या शर्यती पाहायला जाते. मोकिची तिला पाठीशी घालतो आणि बायकोपासून ते लपवतो. ते फुटतं, अबोला धरला जातो. मग जेवणाच्या वेळी तो भातावर सूप ओततो आणि भडका उडतो. तायेको रागानं कोबेकडे मैत्रिणीकडे निघून जाते. इकडे त्याला कंपनीच्या कामासाठी तातडीनं उरुग्वेला निघावं लागतं. तार जाते, ती येत नाही. विमानतळावर सगळे हजर, बायको सोडून. ती परतते ती रिकाम्या घरात. रात्री उशिरा तो दारात उभा. इंजिनात बिघाड झाल्यामुळे विमान मागे फिरलेलं असतं. त्याला भूक लागलेली असते. मोलकरीण फुमी झोपलेली, तिला उठवायचं नाही म्हणून दोघं स्वयंपाकघरात शिरतात, धडपडत भात, लोणचं, चहा शोधतात आणि भातावर गरम चहा ओतून खातात. तिथे ती रडते आणि माफी मागते.

आता तुमचा प्रश्न. पडतं बाईच घेते का? घेते. ओझू आणि त्यांचे सहलेखक कोगो नोदा यांनी मोकिचीला फार स्वस्तात सोडलंय, असं आमचं स्पष्ट मत आहे. थापा त्याला दिसत असतात. टोपणनावाचीही त्याला कुणकुण नसेल असं मानणं कठीण. तरी तो गप्प राहतो, आणि सिनेमा त्या गप्प राहण्याला मोठेपणा समजतो. तो मोठेपणा नाही. जो माणूस कशालाच हरकत घेत नाही, त्याच्यापुढे खरं बोलायची गरजही हळूहळू उरत नाही. तायेकोच्या थापा सोप्या होत गेल्या त्या काही अंशी त्याच्यामुळे. त्यात तायेकोच्या मैत्रिणीचा नवरा बारमधल्या बाईबरोबर बेसबॉलच्या सामन्याला आलेला दिसतो आणि सिनेमा ते हसण्यावारी नेतो. हे त्या काळाचं. तिथून काही शिकू नका.

पण सिनेमा ‘सोसा’ असं सांगतो, हे खरं नाही. त्यात भाचीला कोणी सोसायला लावत नाही. मोकिचीचं एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की हिचं लग्न जबरदस्तीनं लावलं तर आमच्यासारखं आणखी एक जोडपं तयार होईल, एवढंच. हे म्हणणारा माणूस स्वतःच्या संसाराबद्दल बरंच काही जाणून आहे. जपानच्या १९४७ सालच्या राज्यघटनेतलं २४ वं कलम लग्नाला दोघांची संमती हाच आधार मानतं. सेत्सुको त्या पहिल्या पिढीतली.

समेट ज्या क्रमानं होतो तो क्रम पाहा. आधी त्या दोघांकडे बघणारे दूर होतात, मैत्रिणी नाहीत, मोलकरीण झोपलेली. मग हात कामात गुंततात. मग तायेको नवऱ्यासमोर अनाडी ठरते, कारण स्वतःच्याच घरात तिला डबे सापडत नाहीत. जपानी घरात कोंड्यात मुरवलेल्या भाज्यांचं लोणचं असतं, त्यात हात घालावा लागतो आणि हाताला वास राहतो. तिनं तो हात आजवर घातलेला नाही. ती हात धुते तेव्हा तो तिच्या किमोनोची बाही सावरून धरतो. बोलणं होतं ते सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. आधी ‘बसून बोलूया’ म्हणतो, समोरासमोर बसतो, आणि पाचव्या मिनिटाला आमटीपासून सासरपर्यंत पोचतो.

आणखी एक गोष्ट. ही पटकथा मुळात १९३९-४० मधली. ओझू नुकतेच चीनच्या युद्धातून परतले होते आणि मूळ गोष्टीत नवरा उरुग्वेला नाही, आघाडीवर निघालेला होता. लष्करी काळाच्या सेन्सॉरला ते रुचलं नाही. लढायला निघालेल्या माणसाला चहा-भात काय वाढता, शुभप्रसंगी करतात तो लाल चवळीचा भात हवा, असा आक्षेप होता. सिनेमा बारगळला. बारा वर्षांनी युद्धाच्या जागी उरुग्वे आलं, चहा-भात मात्र तसाच राहिला. फक्त आता नवऱ्याला परत आणायला विमान बिघडवावं लागलं. कथेतला हा सगळ्यात कच्चा सांधा आहे, आणि तुमच्या कामाचाही, कारण तुमच्यासाठी कोणतंही विमान मागे फिरणार नाही. ती रात्र तुम्हाला ठरवून घडवावी लागेल.

कशी, ते सांगतो. घाई करू नका, सगळ्याला मिळून दोनेक महिने धरा.

सुरुवात ग्रुपपासून. ‘ध्यान’ हा शब्द बंद. जाहीर घोषणा करायची नाही, कारण ‘आजपासून मी त्याला असं म्हणणार नाही’ म्हटलं की त्याचीच चेष्टा सुरू होते. एखादीनं विचारलं, ‘ध्यान काय म्हणतंय?’ तर उत्तरात त्याचं नाव वापरा आणि पुढे जा. पाच-सहा वेळा असं झालं की शब्द आपोआप मरतो. हे फक्त त्याच्या मानासाठी नाही. चारचौघींना हसवायचं तर गोष्ट नेटकी करावी लागते. त्यानं त्याच संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतला, तुमची गाडी पुसली, हे गोष्टीत बसत नाही म्हणून गाळलं जातं. नऊ वर्षं गाळत राहिलं की ते दिसणंही थांबतं. शिवाय तुम्ही पुढच्या किश्श्याच्या शोधात राहता आणि जेवताना तुमचं लक्ष भुरक्याकडे जास्त जातं. तायेको शेवटी ज्या मैत्रिणींबरोबर त्या माशावर हसली होती, त्यांच्याचसमोर रडत आपलं मत बदलल्याचं सांगते. तुम्हाला रडायची गरज नाही. पण दुरुस्ती जिथे बिघडलं तिथेच करायची, हे तिच्याकडून घ्या. आणि हो, मुलगी सहा वर्षांची आहे. आईच्या फोनमधलं हसणं तिला आता कळतं.

मग दिवेआगर. हे सांगावं लागेल, आणि भाताच्या रात्रीच्या आधी. नाहीतर ती सगळी रात्र तुम्ही मनात हिशेब करत बसाल. तीन वाक्यं पुरतात: फेब्रुवारीत ट्रेनिंग नव्हतं, मी मैत्रिणींबरोबर दिवेआगरला गेले होते, तू नाही म्हणशील असं वाटलं म्हणून खोटं बोलले, ते चुकलं. इथे थांबा. घोटाळा चौथ्या वाक्यात होतो. ‘कारण तू कधी धड बोलतच नाहीस’ असं म्हणालात की कबुलीजबाब संपला, फिर्याद सुरू झाली, आणि त्याला उत्तर द्यायला भाग पडलं. त्याच्या अबोल्याची गोष्ट खरी आहे, पण ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या वाक्यात.

जागा आणि वेळही निवडा. झोपायच्या आधी नको, कारण मग तो अंधारात छताकडे बघत पडून राहील आणि तुम्हीही. गाडीत मुलगी मागे असताना नको. सासूबाईंच्या कानावर पडेल अशा घरात तर नकोच. जेवणानंतर खाली सोसायटीत फेरी मारताना बरं. शेजारी चालणाऱ्या माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि तुमच्या नवऱ्यासारख्या कमी बोलणाऱ्याला ते सोपं जातं.

तो बहुधा ‘हं’ म्हणेल. किंवा म्हणेल, ‘माहीत होतं.’ दुसऱ्या उत्तराला तयार राहा, ते जास्त लागतं. त्यावर ‘मग बोलला का नाहीस?’ असं अंगावर जाऊ नका. ‘कधी कळलं?’ एवढंच विचारा आणि तो जे सांगेल ते ऐका. त्याच फेरीत ‘माफ केलंस ना?’ हे विचारायचं नाही. त्याला चार दिवस लागले तर लागू द्यात. तो चिडला तर उलट चांगलं, नऊ वर्षांत तो चिडलेला तुम्ही किती वेळा पाहिलाय?

यानंतर एक कागद. एका बैठकीत, पंधरा मिनिटांत, त्याच्या तुम्हाला खटकणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहून काढा. पंधरा-वीस निघतील. मग प्रत्येकीपुढे खूण करा. आवाज, वास, दिसणं, सवय हा एक गट. पैसा आणि वेळ हा दुसरा. मला दुखावतं किंवा एकटं पाडतं, हा तिसरा. भुरका पहिल्या गटात, सेकंड क्लासचा पास दुसऱ्यात, ‘हं’ आणि ‘बघू’ तिसऱ्यात. भांडणात हे तिन्ही एकत्र येतात आणि चर्चा नेहमी पहिल्या गटावर होते, कारण ते ताटात समोर दिसत असतं. सूप-भाताच्या भांडणात हेच होतं. तायेकोला खरा राग भाचीच्या प्रकरणात तिला बाजूला ठेवल्याचा आहे. तुटून पडते ती भातावर.

पहिल्या गटातल्या बहुतेक गोष्टी सोडून द्या. एखादीच निवडा, फार तर दोन, आणि विनंती प्रसंगापुरती ठेवा. ‘तुझी जेवायची पद्धत गावंढळ आहे’ याला तो काय करणार? ‘शनिवारी माझ्या ऑफिसचे लोक येताहेत, तेव्हा आमटी वाटीतूनच घेशील का?’ हे करता येण्यासारखं आहे. एरवी रोजच्या जेवणात त्यानं कालवून खावं. माणमधल्या घरात ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाणारा मुलगा दादरच्या जावयासारखा जेवत नाही, यात त्याचा गुन्हा काय?

दुसऱ्या गटातल्या गोष्टी आकडे घेऊन सोडवायच्या. पासातला फरक महिन्याला किती, तो त्याला वाचवायचाय की दुसरं काही कारण आहे, हे विचारा. कारण दुसरं असू शकतं. मोकिची भांडणानंतर बायकोला समजावतो तो भाग पुन्हा पाहा. भातावर सूप ओतणं सोडतो म्हणतो, आणि मग सांगतो की त्याला स्वस्तातली सिगारेट आवडते, आगगाडीचा तिसरा वर्ग आवडतो, कारण तिथे त्याला मोकळं, आपल्या माणसांत असल्यासारखं वाटतं. सबंध सिनेमात तो स्वतःविषयी इतकं सलग इथेच बोलतो. तायेको काय करते? मला पहिला वर्गच आवडतो, म्हणते. तो तिथे मिटतो. तुमचा नवरा चार वाक्यं सलग बोलला तर त्यावर आपली आवड सांगायची घाई करू नका. आणखी एक प्रश्न विचारा, बस. ‘डब्यात ओळखीचं कोण असतं?’ इतका साधा प्रश्नही चालेल. ठाण्याहून रोज त्याच डब्यात चढणाऱ्या माणसाचा ग्रुप असतो, भजनी मंडळ असतं, पत्त्यांचा डाव असतो. नऊ वर्षांत तुम्हाला ते माहीतच नाही असंही असू शकेल.

तिसऱ्या गटावर बोलायचं ते भाताच्या रात्रीनंतर.

आता ती रात्र. तुमच्या घरात स्वयंपाकघर तुमचं नाही. ते सासूबाईंचं आणि मावशींचं आहे. त्यामुळे आधी सासूबाईंना सरळ सांगून टाका, शनिवारी रात्री साडेदहानंतर आम्ही दोघं काहीतरी करून खाणार आहोत, ओटा सकाळी स्वच्छ मिळेल. लपूनछपून करू नका, नाहीतर मध्येच त्या उठून येतील आणि डबा काढून देतील. मग झालंच. मुलगी झोपलेली हवी, दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत. त्या दिवशी संध्याकाळी दोघांनी थोडंच जेवा, म्हणजे भूक खरी असेल.

पदार्थ असा निवडा की जो दोघांनाही येत नाही. ही अट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारी. तुम्ही साबुदाण्याची खिचडी उत्तम करत असाल तर ती नको. तुम्ही मुकादम व्हाल, तो कांदा चिरेल, आणि तुम्ही म्हणाल, ‘अरे, इतका जाड?’ त्याला येत असेल आणि तुम्हाला नाही, तर ते चालेल. गावाकडचं काही त्याच्या हातचं असेल तर तेच करा, आणि त्याच्या हाताखाली काम करा.

सिनेमातलाच चहा-भात करायचा असेल तर तोही अवघड नाही. दोन माणसांना दोन मोठ्या वाट्या शिजलेला भात पुरतो. बासमती नको, सुटा होतो. आंबेमोहर किंवा कोलम बरा. भात दुपारचा फ्रीजमधला असेल तर आधी वाफवून चांगला गरम करा. थंड, टणक शितांवर चहा ओतला तर चहा निवतो आणि शितं तशीच राहतात. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा ग्रीन टी, साधा, लिंबू-मध-आलं घातलेला नाही. पाव लिटरहून थोडं जास्त पाणी उकळा, गॅस बंद करून चार-पाच मिनिटं निवू द्या, म्हणजे ८० अंशांच्या आसपास येतं. त्यात दोन टी बॅग फार तर दोन मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात टाकलं की कडू होतो, आणि हा पदार्थ नावडता होण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. भात खोलगट वाडग्यात, वर खारवलेलं काहीतरी, मग कडेनं चहा. भात अर्धा बुडेल इतकाच. आपलं तेलकट आंब्याचं लोणचं यात नको, वर तवंग येतो. काकडीच्या चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवून पिळून घ्या, किंवा मिठातलं जुनं लिंबू चालतं. वरून भाजलेले तीळ. पहिल्यांदा फिकं लागेल. तो ‘यापेक्षा मेतकूट-भात बरा’ म्हणाला तर मेतकुटाचा डबा शोधा. तो कुठे असतो हे तुम्हाला माहीत नसेल तर उत्तमच.

या रात्री गंभीर विषय काढायचा नाही. ‘आता आपण इतके छान बसलोय तर’ असं तोंडावर येईल, ते गिळा. भांडी त्याच रात्री घासा, तीही दोघांनी. दर शनिवारी जमणार नाही, महिन्यातून दोनदा जमलं तरी खूप. पहिल्या खेपेला अवघडल्यासारखं होणारच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो एखादं लांब वाक्य बोलेल, तेव्हा तिसऱ्या गटातली एक गोष्ट काढता येईल. एकच. आणि तिची सुरुवात ‘तू कधीच’ किंवा ‘तू नेहमी’ अशी करू नका. ‘मी विचारते आणि तू ‘बघू’ म्हणतोस, तेव्हा मला वाटतं मी इथे नसलेच तरी चालेल’ असं काहीसं म्हणा. त्याचबरोबर त्यालाही एक विचारा, की मी काय केलं की तू गप्प होतोस? मोकिचीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. उत्तर ऐकायला सोपं नसेल. त्यात ‘ध्यान’ असण्याची शक्यता बरीच आहे.

घर सोडून जाण्याबद्दलही दोघांत एक नियम करून ठेवा. रागानं बाहेर पडायला हरकत नाही, पण कुठे जातोय आणि कधी परतणार हे सांगून, आणि फोन उचलायचा. बोलायचं नसेल तर ‘ठीक आहे, रविवारी येते’ एवढा मेसेज पुरतो. तायेको तारेला दाद देत नाही. एका रुसव्यामुळे नवरा निरोपाविनाच अर्ध्या जगापलीकडे निघून जायची वेळ येते.

सिनेमा नवऱ्याबरोबर पाहावा का? पाहावा, पण त्याला आरसा दाखवायला नाही. मासा पोहताना कोपरखळी मारलीत की सगळं फुकट. दोन बैठकींत पाहा, सूप-भाताच्या भांडणापर्यंत एकदा, पुढचं दुसऱ्या दिवशी. खालची इंग्रजी वाक्यं वाचायला त्याला कष्ट पडत असतील तर मध्ये थांबवून सांगा. संपल्यावर ‘कसा वाटला?’ विचारू नका, ‘बरा होता’ यापलीकडे काही मिळणार नाही. विचारा, ‘मोकिचीचं कुठे चुकलं?’ आणि तुम्ही तायेकोचं कुठे चुकलं ते सांगा. प्रत्येकानं आपल्या बाजूच्या पात्राची चूक काढायची, समोरच्याच्या नाही. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाच्या रोनाल्ड रॉग यांनी १७४ नवविवाहित जोडप्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ च्या शेवटी प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटानं महिनाभरात नात्यांवरचे पाच सिनेमे पाहून त्यावर ठरावीक प्रश्न घेऊन गप्पा मारल्या. ज्यांनी काहीच केलं नाही अशा जोडप्यांत तीन वर्षांत २४ टक्के वेगळी झाली, या गटात ११ टक्के. ती जोडपी नवी होती आणि तुम्ही नऊ वर्षं जुन्या, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नका. पण काम सिनेमानंतरच्या प्रश्नांनी केलं, हे तुमच्या घरातही लागू पडेल. नुसते सिनेमे तर आपण सगळेच पाहतो.

एक खात्री आम्हाला हवी आहे. दिवेआगरबद्दल तुम्ही खोटं बोललात ते कटकट नको म्हणून, की भीतीनं? तुमच्या पत्रावरून पहिलंच वाटतं. दुसरं असेल, म्हणजे खरं कळलं तर तो मारेल, पैसे बंद करेल, मुलीला तुमच्यापासून तोडेल असं वाटत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. कबुलीजबाब नको, भात नको. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो. हे इतर वाचक बायकांसाठीही लिहितोय, कारण ‘नवरा गप्प असतो’ या एका वाक्याखाली दोन अगदी वेगळी घरं असू शकतात.

आणि समजा हे सगळं दोन-तीन महिने करूनही तो ‘हं’ च्या पुढे गेला नाही, तर विवाह समुपदेशकाकडे दोघांनी जा. तो नाही म्हणाला तर तुम्ही एकट्या जा, तेही चालतं. आधी कागदावरचा तिसरा गट घेऊन बसा आणि त्यातल्या कोणत्या गोष्टी त्यानं बदलल्या नाहीत तरी तुम्ही राहू शकता, कोणत्या नाही, हे स्वतःशी लिहून ठेवा. समुपदेशक पहिल्या भेटीत बहुधा हेच विचारतील.

सिनेमाबद्दल शेवटचं. ओझूंनी स्वतः लग्न केलं नाही, आईबरोबर राहिले. त्यामुळे त्यांनी भात मुरला असं दाखवलं आणि पुढचा सोमवार दाखवला नाही, तर ते समजून घ्या. सोमवारी तायेको पुन्हा पहिल्या वर्गानं गेली असेल आणि तो तिसऱ्यानं. त्याला हरकत नाही. तुम्हीही फर्स्ट क्लासचा पास सोडू नका.